आधी ओहोटीची वेळ, मग परग्रह

विज्ञानकथा लिहायला बसलेल्या नव्या लेखकाची पहिली कथा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या प्रयोगशाळेत घडते. शास्त्रज्ञाचं नाव डॉ. स्मिथ असतं, साल तीन हजार असतं, आणि लेखक राहत असतो थळ, वरसोली, चोंढी किंवा पेणला. अशा कथांत कल्पना पुष्कळदा चांगली असते. पण डॉ. स्मिथ सकाळी काय खातो, त्याच्या घराच्या खिडकीतून काय दिसतं, त्याला कशाची लाज वाटते, हे लेखकाला ठाऊक नसतं आणि वाचकाला ते दुसऱ्याच पानावर कळतं. मग कल्पनेवरचाही विश्वास उडतो.

अलिबाग-थळच्या या किनाऱ्यावर राहून विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या तरुण-तरुणींसाठी हा लेख आहे. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते: कथेत अशक्य गोष्ट एकच असू द्या, बाकी सगळं तंतोतंत खरं ठेवा. एच. जी. वेल्सनेही आपल्या कथांबद्दल असंच काहीसं लिहून ठेवलं आहे. आणि खरं ठेवायचं तर जे तुम्हाला खरोखर ठाऊक आहे, तिथूनच सुरुवात करावी लागते. थळच्या माणसाला थळ ठाऊक असतं, किंवा निदान बंदरावर जाऊन ते विचारता येतं.

भरती-ओहोटीचंच घ्या. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशोब या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. आता समजा तुमच्या कथेतला नायक अमावास्येच्या मध्यरात्री अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वाळूतून कुलाबा किल्ल्यात चालत जातो आणि तिथे त्याला कालयंत्र सापडतं. कालयंत्र वाचक मान्य करील. पण अमावास्येच्या मध्यरात्री तिथे पूर्ण भरती असते, तीही उधाणाची. इथला वाचक त्याच ओळीला अंक मिटून ठेवील, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. अष्टमीची रात्र घेतलीत तर बाराला ओहोटी मिळेल खरी, पण तेव्हा भांगाचे दिवस असतात, पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणजे नायकाला भिजत जावं लागेल. भिजलेला, कुडकुडणारा, चपला हातात धरलेला नायक हा कोरड्या नायकापेक्षा केव्हाही अधिक खरा. एक वेळ नीट तपासली आणि प्रसंग आपोआप सुधारला.

याच माहितीतून पुढे कल्पनाही निघते. चंद्र पृथ्वीपासून दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो आहे. तो एका रात्रीत बराच लांब गेला तर उधाण कमी होईल, पाऊणचा हिशोब चुकू लागेल. ही गोष्ट वेधशाळेच्या आधी कुणाला कळेल? पहाटे जाळं लावायला गेलेल्या आजोबांना. कथा त्यांच्यापासून सुरू करा. ते घरी येऊन सांगतात आणि कुणी विश्वास ठेवत नाही. मुलगा मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक दाखवून त्यांनाच वेड्यात काढतो. एवढ्यावर दहा पानं होतील, आणि त्यातलं प्रत्येक पान तुम्ही अनुभवानं लिहू शकाल.

विज्ञानासाठी दूर जायचीही गरज नाही. थळपासून हाकेच्या अंतरावर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील हे उघड होतं. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेसाठी अलिबागची जागा निवडली. इमारत चुंबकावर परिणाम न करणाऱ्या साहित्याची बांधली, १९०४मध्ये इथलं काम सुरू झालं, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप घेतलं, म्हणजे जुन्या नोंदींचा नव्याशी सांधा जुळावा. विजेचा डाग न लागलेली जागा हवी म्हणून खाडी ओलांडून आलेलं हे विज्ञान. मला तर या हकिकतीतच एक संपूर्ण कथा दिसते. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचं मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

कुलाब्याच्या जुन्या नोंदींत १८५९च्या सप्टेंबरमधल्या प्रचंड सौर वादळाची नोंद आहे. त्या वादळाची तीव्रता किती होती, याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञांनी दीड शतकानंतर मुंबईचेच आकडे वापरले. तसं वादळ आज आलं तर? इथे नवा लेखक बहुतेक वेळा थेट उपग्रह, राजधानी आणि पंतप्रधानांची बैठक यांच्याकडे धावतो. तिकडे धावू नका. थळच्या बंदरावर थांबा आणि परिणामांची साखळी सावकाश मोजा. पहिला परिणाम, वीज गेली. दुसरा, होड्यांवरचं जीपीएस चुकीची जागा दाखवू लागलं. तिसरा, बर्फाचा कारखाना बंद पडला. चौथा, मासळी भरून आलेल्या होड्यांना बर्फ मिळेना, म्हणजे माल आजच्या आज विकायचा किंवा सुकवायचा. पाचवा, ज्या म्हाताऱ्या बाईला मासळी खारवून टिकवण्याची रीत नीट येते, तिला वाड्यात अचानक मान आला. पहिला परिणाम कुणालाही सुचतो. तिसऱ्या-चौथ्या परिणामापर्यंत चिकाटीने जाणारा लेखक दुर्मीळ असतो, आणि कथा तिथेच वाट पाहत असते. लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर ही साखळी उतरवून काढायची सवय लावून घ्या. पाचव्या पायरीवर एखादं माणूस दिसलं नाही, तर कल्पना बाजूला ठेवा. ती अजून पिकलेली नाही.

थळचा खतकारखाना १९८०च्या दशकात उभा राहिला. तो होण्याआधी जागेवरून बराच वाद झाला आणि नंतर याच कारखान्याने शेकडो घरांना पगार दिला. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायू यांपासून आधी अमोनिया आणि मग युरिया. हवेतून खत काढणं ही गोष्ट रोजची झाल्यामुळे आपल्याला तिचं नवल वाटेनासं झालं आहे. समजा, भाताच्या मुळांपाशी राहून हेच काम फुकटात करणारा जीवाणू कुणी तयार केला. शेतकऱ्याला आनंद. कारखान्याच्या कुरुळमधल्या वसाहतीत मात्र त्या रात्री कुणाला झोप येईल? एका घरात वडील कारखान्यात आणि मुलगी त्या जीवाणूवर काम करणारी, एवढं ठरवा आणि लिहायला बसा. कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं आजूबाजूच्या प्रत्येक गावात आहेत. पाळीत काम कसं चालतं, भोंगा कधी होतो, अमोनियाचा वास प्रथम कुठे जाणवतो, हे त्यांना विचारा. ती आनंदाने सांगतात. कारण इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

परग्रहावरचा समाज रंगवायचा असेल तर किहीमला जा. १९३०च्या पावसाळ्यात सालिम अलींनी तिथे सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडलं तरच संसार. आणि एक बिऱ्हाड मार्गी लागलं की नर दुसरं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी शिडीवरच्या मचाणातून तासन्‌तास पाहून नोंदवलं. पूर्णपणे मनाने रचलेल्या परग्रहवासीयांपेक्षा अशा खऱ्या निरीक्षणावर उभे केलेले परग्रहवासी कितीतरी जास्त परके आणि तरी पटणारे होतात.

आता अद्भुतकथेकडे वळते. थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं आहेत. १६७९मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारींनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं. इंग्रजांनी मुंबईहून जहाजं पाठवून वेढा घातला. मराठ्यांच्या लहान होड्या अंधारात, उथळ पाण्यातून, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून थळहून रसद पोचवत राहिल्या. पुढे १६८०च्या आरंभी सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. त्यामुळे एका बंदरासमोर एकमेकांवर तोफा रोखलेले दोन किल्ले अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. खांदेरीवर १८६७चा दीपस्तंभ आहे, वेताळाचं ठाणं आहे, आणि दगडाने वाजवला की धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे. २०२५मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत खांदेरी आहे. ड्रॅगन आणि बर्फाळ राजवाडे यांच्या मागे लागणाऱ्या लेखकाने एकदा हा खडक वाजवून पाहावा. तो नाद कुणासाठी आहे, तो वाजवल्यावर पाण्याखालून उत्तर आलं तर काय, असे प्रश्न तिथे उभं राहिल्यावर सुचतात.

पण एक पथ्य पाळा. वेताळ हे कोळी बांधवांचं आजही पुजलं जाणारं दैवत आहे. त्याला भयपटातलं भूत करू नका. देवावर लिहायचं असेल तर आधी त्याच्या भक्तांशी बोला, बोटीवरून नारळ कधी वाहतात आणि का वाहतात ते समजून घ्या, आणि लिहून झाल्यावर त्यांच्यापैकी एकाला कथा वाचून दाखवा. कोळी किंवा आगरी बोलीतले संवाद घालतानाही हेच करावं. दूरदर्शनच्या मालिकांतून उचललेली बोली इथल्या कानाला एका वाक्यात कळते.

इतिहासाला फाटा फोडायचा असेल तर जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ बारकाईने अभ्यासा. पानिपताची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, ही तिची कल्पना सांगायला एक वाक्य पुरतं. पण कथा एका प्राध्यापकाच्या रेल्वेप्रवासातून, पुस्तकांतून, शहराच्या बदललेल्या खाणाखुणांतून उलगडते. फाटा जितका मोठा, तितकी त्याची खूण लहान आणि रोजची. खांदेरीचा वेढा यशस्वी झाला असता तर मुंबई-थळ संबंध कसे झाले असते, हे तोफांच्या वर्णनाने सांगू नका. आजच्या मांडवा धक्क्यावरच्या तिकिटावर काय छापलेलं असतं, ते दाखवा.

नारळीकरांची आणखी एक हकिकत प्रत्येक नव्या लेखकाने लक्षात ठेवावी. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तेव्हा ते जगभर नाव झालेले खगोलशास्त्रज्ञ होते. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. तिला पहिलं पारितोषिक मिळालं. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या विश्वरचनेच्या संशोधनाइतकंच या कथांबद्दल लोक बोलत होते. त्यांच्या या वागण्यात मला कथेवरची निष्ठा दिसते: कथा कागदावर जी आहे, तेवढ्यावरच तिचा न्याय व्हावा. तुमचं नाव कुणाला माहीत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. नारळीकरांनी तर ती स्थिती मुद्दाम मिळवली होती.

मराठी विज्ञान परिषदेची ती स्पर्धा १९७०पासून चालत आली आहे. नियम आणि शब्दमर्यादा दर वर्षी नीट वाचा आणि त्या मर्यादेत राहूनच लिहा. स्पर्धेखेरीज मराठीत कथेला सर्वांत मोठं दार आहे ते दिवाळी अंकांचं. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये ही परंपरा सुरू केली. ‘धनंजय’ने आणि अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने गूढ, साहस, विज्ञान यांना हक्काची जागा दिली. नारायण धारप, भा. रा. भागवत, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांना वाचल्याशिवाय लिहायला बसू नका. तालुक्याच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले असतात. एकेका अंकातली फक्त विज्ञानकथा आणि गूढकथा वाचत गेलात तरी कोणती कल्पना किती वेळा येऊन गेली आहे, ते कळेल. वाचन मराठीपुरतं ठेवू नका, पण मराठीतलं आधी वाचा.

दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, आणि बहुतेक संपादक तेव्हाच मजकूर गोळा करतात. इथे किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पर्यटकही कमी होतात, घरगुती खानावळी आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांना उसंत मिळते. म्हणून थळच्या लेखकाने वर्षाची आखणी अशी करावी: दिवाळीनंतर वाचन आणि माहिती गोळा करणं, शिमग्यापर्यंत कच्चा खर्डा, वैशाखात पुनर्लेखन, आणि पाऊस लागायच्या सुमारास कथा पाठवून मोकळं होणं. मेच्या सुटीत घर पाहुण्यांनी भरलं तर पुनर्लेखन पहाटे करावं लागेल, याची तयारी ठेवा.

नोकरी सोडू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन करत होते, नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. मराठी कथेच्या मानधनावर घर चालत नाही, आणि घराची चिंता लागली की माणूस घाईने, लोकांना आवडेल असं वाटतं ते लिहू लागतो. शिवाय तुमचं काम हीच तुमची खाण आहे. तुम्ही मासळी बाजारात हिशोब लिहीत असाल, प्राथमिक शाळेत शिकवत असाल, रो-रो बोटीवर काम करत असाल, तर त्या कामातली भाषा दुसऱ्या कुठल्याही लेखकाकडे नाही.

एकट्याने लिहिता येतं, पण एकट्याला दोष दिसत नाहीत. चार-पाच जणांचं मंडळ जमवा. अमेरिकेत १९६८मध्ये क्लॅरियन नावाची कार्यशाळा सुरू झाली. तिथली रीत साधी आहे: कथा सगळ्यांनी आधी वाचून यायची, प्रत्येकाने पाळीपाळीने थोडक्यात बोलायचं, आणि तोवर लेखकाने एक शब्दही बोलायचा नाही. विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर १९७०मध्ये याच कार्यशाळेत शिकली. ही रीत थळच्या एखाद्या ओटीवर जशीच्या तशी चालेल. मंडळात सगळे लेखकच नकोत. एक समुद्र जाणणारा, एक विज्ञानाचा शिक्षक, एक भरपूर वाचणारी आजी, एक दहावी-अकरावीतली मुलगी असे वाचक गोळा करा. त्यांना ‘कथा आवडली का’ असं विचारू नका. ‘कुठे वाचणं थांबवावंसं वाटलं?’ एवढंच विचारा आणि ती जागा पेन्सिलीने दाखवायला सांगा. तीन जणांनी एकाच परिच्छेदावर बोट ठेवलं, तर तो परिच्छेद काढा. बहुतेक वेळा तो विज्ञान समजावून सांगणारा परिच्छेद असतो.

त्याबद्दल थोडं. पात्राला जे विज्ञान आधीच ठाऊक आहे, ते त्याने दुसऱ्या पात्राला समजावून सांगू नये. दोन अभियंते एकमेकांना अमोनिया म्हणजे काय ते सांगत नाहीत. वाचकाला माहिती द्यायचीच असेल, तर यंत्र बिघडू द्या. दुरुस्त करताना लोक भांडतात, दोष देतात, घाबरतात, आणि त्या बोलण्यात यंत्र कसं चालतं हे आपोआप येतं. माहिती तपासायला मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट वाचता येतो. त्यातल्या नोंदी जुन्या असतील तिथे ताज्या माहितीशी ताडून घ्या.

कथा परत आली तर? बरेचदा काही उत्तरच येत नाही. एक वही करा: कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी पाठवली, उत्तर काय. एक कथा बाहेर गेलेली, दुसरी टेबलावर, तिसरीची माहिती गोळा होते आहे, अशी स्थिती राहिली की परत आलेल्या कथेचं दुःख फार वेळ टिकत नाही. परत आलेली कथा एकदा वाचा, खरंच काही खटकलं तर दुरुस्त करा, नाहीतर तशीच दुसरीकडे पाठवा. मात्र एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठवू नका. आपलं साहित्यविश्व लहान आहे, आणि दोन अंकांत तीच कथा छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

इंग्रजीत जायचं असेल तर तेही शक्य आहे. अमेरिकेतल्या विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक दराची पातळी शब्दाला ८ सेंट ठेवली आहे. म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेला २४० डॉलर. स्ट्रेंज होरायझन्स किंवा क्लार्क्सवर्ल्ड यांसारख्या मासिकांना परदेशी लेखक परके नाहीत. पण फेब्रुवारी २०२३मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला की क्लार्क्सवर्ल्डला काही काळ दार बंद करावं लागलं. संपादक आता अशा मजकुराबाबत फार कडक झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. तुमच्या कथेत उधाण आणि भांग यांतला फरक असेल, बर्फाच्या कारखान्याच्या दारातली ओल असेल, तर ती माणसाने लिहिली आहे हे सांगावं लागणार नाही. इंग्रजीत नेताना आजी, काका, वहिनी ही नाती तशीच ठेवा.

शेवटी हक्कांबद्दल, कारण याकडे सगळे दुर्लक्ष करतात. लिहिल्या क्षणापासून कथेचा स्वामित्वहक्क तुमचा असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून सही करण्याआधी पाहा: हक्क एकदा छापण्यापुरते आहेत की कायमचे? भाषांतर, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे लिहिले आहेत का? स्पर्धेच्या नियमांत ‘कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं वाक्य असेल, तर बक्षिसाची रक्कम त्याच्या मोलाची आहे का, हे शांतपणे ठरवा. दिवाळी अंकाचा व्यवहार फोनवर ठरला असेल, तर त्याच दिवशी संपादकांना दोन ओळींचा मेल पाठवा: कथा अमुक अंकात एकदा छापायला देत आहे, इतर हक्क माझ्याकडे राहतील. बहुतेक संपादक लगेच ‘ठीक आहे’ म्हणून उत्तर देतात. ते उत्तर जपून ठेवा आणि वहीत कथेच्या नावापुढे त्याची तारीख लिहा.